पुस्तकातलं डोकं जमतं, समोरचं जमत नाही

नमस्कार ताई,
माझं वय ४१. शाळेत चित्रकला आवडायची, मग सुटली. दोन वर्षांपूर्वी पुन्हा पेन्सिल हातात घेतली. शिकवायला कोणी नाही, म्हणून पुस्तकांवरून शिकतोय. माणसं काढायला शिकवणारी चित्रकार लूमिसची दोन, तसंच ब्रिजमनचं एक आणि ॲनाटॉमीची म्हणजे शरीररचनेची दोन जाडजूड पुस्तकं जमवली आहेत. लूमिसची डोकी आता बघून बऱ्यापैकी हुबेहूब काढता येतात. पण भावाला समोर बसवून काढायला गेलो की भाऊ राहतो बाजूला आणि कागदावर पुन्हा लूमिसचाच माणूस उतरतो. वही चाळली तर सगळे चेहरे एकाच घरातले वाटतात. एक पुस्तक माणसाची उंची आठ डोकी सांगतं, दुसरं साडेसात. ऐकायचं कोणाचं? आधी सगळे स्नायू पाठ करायला हवेत का? नुसती नक्कल करत बसणं ही फसवणूक तर नाही ना? आणि बसायला माणूस मिळत नाही तेव्हा फोटोवरून काढलं तर चालेल का?
— सारख्याच चेहऱ्यांना कंटाळलेला

नमस्कार,

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते: तुमची दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. पुस्तकातलं डोकं हुबेहूब उतरवायला रेषेवर ताबा लागतो आणि अंतरं तोलणारी नजर लागते. ती तुमच्याकडे आली आहे.

अडलंय ते दुसरीकडे. छापलेल्या चित्रात सगळ्यात अवघड काम आधीच उरकलेलं असतं. गोलाई असलेलं डोकं सपाट कागदावर कसं आणायचं, दिसणाऱ्या असंख्य बारकाव्यांतले कोणते ठेवायचे, सावलीची कड कुठे ठसठशीत आणि कुठे विरघळलेली, हे सगळं लूमिसने ठरवलं आहे. तुम्ही त्याचे निर्णय उतरवून घेता. भाऊ समोर बसला की तेच निर्णय तुम्हाला घ्यायचे असतात आणि नेमका त्याचा सराव झालेला नाही. मग हात जे पाठ आहे ते काढून मोकळा होतो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, आणि बाकीचं पत्र त्याचाच विस्तार समजा. पुस्तकात शिकलेली गोष्ट त्याच दिवशी जिवंत माणसावर वापरून बघा. ती वापरून झाल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

नक्कल ही फसवणूक आहे का, हा प्रश्न तुम्ही थोडा घाबरत विचारलाय. अजिबात नाही. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी, आणि सुरुवात केली ती फ्रेंच चित्रकार शार्ल बार्गच्या छापील चित्रपाठांवरून. त्या काळी हे पाठ विद्यार्थ्यांसाठी मोठ्या तक्त्यांच्या रूपात निघाले होते. व्हॅन गॉगने ते चिकाटीने उतरवले, आणि १८९० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, त्यातले काही पुन्हा काढायला घेतले. पण तेवढंच करत तो बसला नाही. १८८१ मध्ये नेदरलँड्समधल्या एट्टन या गावी त्याने जमीन खणणारी, पेरणी करणारी माणसं प्रत्यक्ष बघून पुन्हा पुन्हा काढली. बार्गचे पाठ आणि शेतातली माणसं दोन्ही सोबत चालू होतं. तुमच्याकडे पहिला भाग आहे, दुसऱ्याची भर घालायची आहे.

आता डोक्याकडे वळू. लूमिसची रीत बहुतेक जण अर्धवटच उचलतात, आणि त्यातून जे चुकतं ते तुमच्या वर्णनाशी जुळतं.

त्याची सुरुवात चेंडूने होते हे तुम्हाला माहीत आहेच. पण हा चेंडू म्हणजे चेहरा नव्हे, कवटीचा वरचा भाग आहे. कवटी बाजूंनी चेंडूइतकी फुगीर नसते, म्हणून चेंडूच्या दोन्ही बाजू कापून सपाट करायच्या. कापलेल्या जागी जी चकती दिसते तिच्यावर सगळी रीत उभी आहे. चकतीचा वरचा काठ साधारण केसांच्या रेषेला येतो, मधली आडवी रेषा भुवईला आणि खालचा काठ नाकाच्या तळाला. मधल्या रेषेपासून खालच्या काठापर्यंतचं अंतर तेवढंच आणखी खाली घेतलं की हनुवटी मिळते. कान बसतो चकतीच्या मागच्या-खालच्या पाव भागात. आणि डोकं किती वळलंय, किती कललंय हे ती चकती किती निमुळती आणि किती तिरकी दिसते यावरून कळतं.

शिकणारे इथे काय करतात? वर्तुळ काढतात, त्यावर अधिकचं चिन्ह मारतात, आडव्या रेषेवर डोळे बसवतात. ती रेषा भुवईची आहे, डोळ्यांची नाही. डोळे तिच्या खाली, टाळू ते हनुवटी या पूर्ण उंचीच्या जवळपास मधोमध येतात. डोळे वर सरकले की कपाळ आणि टाळू छाटल्यासारखे होतात आणि चेहरा मुखवट्यासारखा मोठा दिसतो. याचं कारण सरळ आहे. आपलं सगळं लक्ष डोळे, नाक, ओठ यांच्याकडे असतं, म्हणून त्यांना कागदावर जास्त जागा मिळते आणि कवटीला कमी. बाजूने काढताना तर हे फारच जाणवतं. समोरून मागपर्यंत डोकं जवळजवळ त्याच्या उंचीइतकंच खोल असतं, पण डोक्याचा मागचा अर्धा भाग नवशिक्याच्या चित्रात जवळपास नसतोच, आणि कान गालावर येऊन बसतो.

ही रीत खरंच समजली आहे का, हे बघायला पुस्तक मिटा आणि आरशासमोर बसा. मान सरळ असताना कानाचा वरचा काठ साधारण भुवईच्या पातळीत आणि पाळी नाकाच्या तळाच्या पातळीत दिसेल. आता हनुवटी सावकाश वर उचला. कान खाली जातात, नाकाचा तळ आणि जबड्याची खालची बाजू दिसू लागते, कपाळ आखडतं. हनुवटी छातीकडे न्या. कान वर चढतात, टाळू पसरते, नाकाखालचा भाग दबून अगदी थोडा उरतो. म्हणजे केसांची रेषा ते भुवई, भुवई ते नाक, नाक ते हनुवटी हे जे तीन सारखे भाग तुम्ही पाठ केलेत, ते फक्त सरळ समोर बघणाऱ्या डोक्याचे आहेत. डोकं कललं की ते सारखे दिसत नाहीत आणि तसे काढायचेही नसतात.

यातून एक सराव निघतो आणि तो मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. लूमिसचं एक डोकं बघून काढा. मग पुस्तक बाजूला ठेवून तेच डोकं थोडं वर बघताना काढा, मग खाली बघताना, मग पाऊण बाजूने, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातून. हे अंदाजानेच काढावं लागेल आणि पहिली काही चित्रं ओबडधोबड होतील, होऊ द्या. चकती कुठे गेली, भुवईची रेषा कशी वळली, कान कुठे सरकला एवढंच पाहा. डोळ्यांच्या पापण्या, ओठांच्या छटा यांना हातही लावू नका. मग आरशात तपासा. जी गोष्ट तुम्हाला फिरवून काढता येते ती तुम्हाला कळली आहे. जी फक्त त्याच कोनातून येते ती अजून पाठांतरच आहे.

भाऊ ओळखू का येत नाही, याचं उत्तरही या मापांमध्येच आहे. सरासरी माप हे मोजायला दिलेलं असतं, भरायला नाही. पुस्तकातले तीन सारखे भाग जवळपास कुणाच्याच चेहऱ्यावर तंतोतंत सापडत नाहीत. डोळ्यांच्या पातळीवर चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याची जागा, नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतच्या अंतरात वरून साधारण एक तृतीयांशावर ओठांची मधली रेषा, या सगळ्या सरासऱ्या. तुमचा भाऊ या प्रत्येकापासून थोडा थोडा ढळलेला आहे आणि त्या ढळण्यातच तो आहे.

म्हणून त्याला पुढच्या वेळी बसवाल तेव्हा पेन्सिल कागदाला लावायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि कागदाच्या कोपऱ्यात शब्दांत लिहा. तीन भागांपैकी सगळ्यात मोठा कुठला, सगळ्यात लहान कुठला? डोळ्यांमधलं अंतर डोळ्याहून जास्त की कमी? जबड्याचा कोपरा ओठांच्या पातळीत येतो, वर की खाली? कपाळाचा समोरचा भाग संपून कानशिलाची बाजू कुठे सुरू होते? गालाचं हाड कुठे वळतं? ही शेवटची दोन वळणं फार बोलकी असतात आणि सुरुवातीला कुणीच ती बघत नाही. प्रकाश एका बाजूने असेल तर सावलीची कड बहुतेक याच वळणांवरून जाते, त्यामुळे ती दिसतातही चटकन. एवढं लिहून झालं की पहिल्या चित्रात ही वैशिष्ट्यं जराशी वाढवूनच काढा. कपाळ लहान वाटलं तर आणखी लहान. आपला हात सवयीने सगळं सरासरीकडे ओढतो, त्याला उलटा ताण द्यावा लागतो.

आणखी एक. लूमिस हा अमेरिकेत मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी काढणारा चित्रकार होता, आणि त्याचे स्त्री-पुरुष त्या काळाच्या त्या कामाला शोभतील असे देखणे आहेत. रुंद जबडे, रेखीव नाकं, नितळ गाल. त्याची रीत घेताना ही आवडनिवडही नकळत हातात येते. त्यावर उपाय म्हणून वयस्कर माणसं काढा, लहान मुलं काढा, दात नसलेली तोंडं काढा. लूमिसचा चौकटबंद जबडा तिथे बसतच नाही, त्यामुळे बघावंच लागतं.

आठ की साडेसात? भांडण नाही. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांचा भरतो. आठ हे चित्रासाठी घेतलेलं आदर्श प्रमाण आहे, आणि लूमिसने ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ या १९४३ च्या पुस्तकात ते आदर्श म्हणूनच दिलं आहे. आठचे सोपे भाग पडतात, म्हणून पाठ करायला ते बरं. साधारण वर्षभराचं मूल चार डोक्यांचं असतं, हे लक्षात ठेवलं तर मुलांची चित्रं छोट्या आकाराच्या मोठ्या माणसांसारखी होणार नाहीत. समोर खरा माणूस उभा असेल तेव्हा हात लांब करून पेन्सिलीने त्याचं डोकं मोजा आणि ते त्याच्या उंचीत किती वेळा मावतं ते बघा. त्याचं जे येईल ते बरोबर.

ब्रिजमनचं पुस्तक सध्या कपाटात ठेवा, असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत त्याने अनेक वर्षं ॲनाटॉमी शिकवली. लूमिस त्याचाच विद्यार्थी, त्यामुळे दोघांचा पाया एकच आहे. पण ब्रिजमनची रेखाटनं शिकवता शिकवता काढल्यासारखी आहेत, ज्याला शरीर थोडंफार माहीत आहे त्याच्याशीच ती बोलतात. नवखा माणूस त्या जोरकस रेषा उतरवतो आणि त्यांच्यामागचे ठोकळे त्याच्या हाती लागत नाहीत. त्याच्याकडून आत्ता एकच गोष्ट घ्या: डोकं, बरगड्यांचा पिंजरा आणि कमरेचा भाग हे तीन घट्ट ठोकळे आहेत, ते स्वतः वाकत नाहीत, वाकतं ते त्यांच्यामधलं.

ही गोष्ट उभ्या माणसावर लगेच बघता येते. कोणीतरी एका पायावर भार टाकून उभं आहे असं बघा. ज्या पायावर भार, त्या बाजूचं कमरेचं हाड वर उचललं जातं. माणूस सैल उभा असेल तर तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. त्यामुळे त्या बाजूची कूस आखडते, दुसरी ताणली जाते. गळ्याच्या खाचेतून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या आतल्या घोट्याच्या आसपास उतरतो. तुमचा उभा माणूस पडतोय असं वाटत असेल तर सगळ्यात आधी हा ओळंबा तपासा. खोडरबर घेऊन हातपाय दुरुस्त करत बसण्याआधी हे केलं तर पुष्कळ वेळ वाचतो.

संपूर्ण शरीर काढताना एक-दोन मिनिटांची झटपट रेखाटनं रोज करा. किमॉन निकोलाइडिस या चित्रकलाशिक्षकाच्या ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ या पुस्तकामध्ये, जे त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये निघालं, याच्यावर मोठा भर आहे. माणूस दिसतो कसा यापेक्षा तो काय करतोय ते काढायचं. वाकतोय, ढकलतोय, टेकलाय, ओढतोय. बाह्यरेषा नको, चेहरा नको. हे आणि लूमिसची मोजमापं हे दोन वेगळे रस्ते वाटतील, पण दोन्ही लागतात. नुसत्या मापांनी माणूस पुतळ्यासारखा ताठ होतो, आणि मापांशिवाय काढलेल्या झटपट चित्रांत जोम असतो पण हाडं नसतात.

स्नायूंबद्दल. पाठ करू नका, निदान आत्ता तरी. ती दोन जाड पुस्तकं संदर्भाला ठेवा, कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायला नकोत. आधी शिकायच्या त्या हाडांच्या जागा, जिथे हाड थेट कातडीखाली असतं आणि माणूस जाड असो की बारीक, सापडतंच. गळ्याची खाच, दोन्ही हासळ्या, छातीचं मधलं हाड, कमरेच्या हाडाची पुढची दोन टोकं, कोपर आणि तिथून मनगटापर्यंत जाणारी हाडाची कड, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे. स्वतःच्या अंगावर बोटांनी चाचपून बघा. आतला घोटा बाहेरच्या घोट्यापेक्षा वर असतो हे एकदा हाताला कळलं की पाय काढताना विसरत नाही. तळहात वर केला की कोपरापुढची दोन हाडं समांतर असतात, तळहात खाली फिरवला की एक दुसऱ्यावरून तिरकं जातं आणि सगळ्या हाताचा आकार बदलतो. हे पुस्तकात वाचून कळायला वेळ लागतो, स्वतःचा हात धरून फिरवला की लगेच कळतं.

स्नायूंपैकी सुरुवातीला एकच नीट शिका: कानामागच्या हाडापासून निघून गळ्याच्या खाचेकडे उतरणारा मानेचा दोरखंड. मान वळवली की दुसऱ्या बाजूचा उठून दिसतो. तुमच्या डोक्यांना खाली जोडलेल्या माना जर नळीसारख्या सरळ असतील, तर हा एक स्नायू त्यांना जिवंत करेल. शिवाय मान सरळ वर जात नाही, पाठीकडून पुढे झुकत वर जाते, हेही त्याच्यासोबत बघून घ्या.

कोणतं पुस्तक आधी, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पाच पुस्तकं एकदम उघडी आहेत असं पत्रावरून वाटतं. पुढचे सहा महिने फक्त लूमिस चालू ठेवा. त्यातही ‘ड्रॉइंग द हेड अँड हँड्स’चा डोक्याचा भाग आधी, आणि शरीराच्या पुस्तकातली प्रमाणं आणि भाराची पानं सोबत. हात आणि पंजे नंतर. रोजचा वेळ थोडा असेल तर एक तृतीयांश पुस्तकाला द्या, उरलेला माणसांना. हा हिशोब उलटा होऊ लागला तर समजा, पुन्हा पाठांतर सुरू झालंय. वाचत बसलेली, झोपलेली, वाट बघत थांबलेली माणसं फुकट मिळणारी मॉडेल आहेत. ती हलली तर चित्र अर्धं सोडा आणि शेजारी दुसरं सुरू करा. बऱ्याचदा ती पुन्हा त्याच बैठकीत येतात. आणि कुणीच नसेल तेव्हा आरशातला माणूस आहे. तो कंटाळत नाही, वेगवेगळ्या प्रकाशात बसतो, आणि त्याला चित्र आवडलं नाही तरी तुमचं काही बिघडत नाही.

राहिला फोटोचा प्रश्न. चालेल, दोन अटींवर. पहिली म्हणजे फोटो जवळून काढलेला नको. मोबाइल चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरला की नाक मोठं होतं, कान मागे ओढले जातात, चेहरा अरुंद दिसतो. मग तुम्ही कितीही अचूक मोजलं तरी चित्र त्या माणसासारखं दिसत नाही, आणि दोष तुम्ही स्वतःला देता. भावाचा फोटो घ्यायचा तर दोन-अडीच मीटर मागे जा आणि तिथून झूम करा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर धरा, एका बाजूच्या खिडकीचा उजेड असू द्या, फ्लॅश बंद ठेवा. दुसरी अट म्हणजे ज्याला तुम्ही समोर बसवून काढलंय त्याचाच फोटो वापरा. फोटोत सावल्या काळ्या होऊन आत काहीच दिसत नाही, कडा सगळ्या सारख्याच धारदार येतात. तिथे नेमकं काय होतं ते आठवून भरावं लागतं, आणि आठवायला आधी बघितलेलं असावं लागतं. भावाचा एक फोटो समोरून, एक पाऊण बाजूने आणि एक पूर्ण बाजूने घ्या. तिन्हींवर चकती आणि भुवईची रेषा हलक्या पेन्सिलीने आखून बघा, मग त्याच तीन कोनांत तो समोर असताना काढा.